तिकीट आज रात्रीचं, व्हिसा कधीचा?

मुंबईहून लंडनला थेट विमानाने नऊ-दहा तास लागतात. खात्यात पैसे असतील तर आज रात्रीचं तिकीट बसल्या जागी काढता येतं. म्हणूनच परदेशातल्या मुलीकडे किंवा भावाकडे ऐनवेळी निघायचं ठरलं, की घरात आधी चर्चा होते ती खर्चाची आणि एवढा प्रवास झेपेल का याची. अडतं मात्र तिसऱ्याच ठिकाणी. मुलगा दुबईत असेल तर आईवडील बहुधा चार-सहा दिवसांत त्याच्या दारात असतात. मँचेस्टरला असेल तर जादा पैसे मोजून आठवड्याभरात पोहोचण्याची आशा असते. अमेरिकेत असेल आणि आईवडिलांकडे आधीचा व्हिसा नसेल, तर ते कधी पोहोचतील हे कुणीच सांगू शकत नाही. दुखणं तेच, माणसं तीच, फरक पडतो तो देशाचा.

भारत सरकारच्या हिशेबाने सुमारे साडेतीन कोटी भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक परदेशात राहतात. महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावातही मुलगा जर्मनीत किंवा मुलगी टेक्सासला असलेलं घर सापडतं. अशा घरांवर कधी ना कधी तातडीने निघायची वेळ येते. कारणं ठरलेली असतात: अपघात, मोठं ऑपरेशन, अडलेलं बाळंतपण, मृत्यू. देशोदेशींचे नियम शेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. तातडी कशाला म्हणायचं आणि जवळचं माणूस कोणाला म्हणायचं, हे आपलं घर ठरवत नाही. ते समोरच्या देशाची नियमावली ठरवते, आणि तिचा आपल्या नात्यांशी मेळ बसतोच असं नाही.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला हजर राहण्यासाठी पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडहून बोटीने अमेरिकेला गेल्या. बेत थोडक्या मुक्कामाचा होता. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या, गावोगावी व्याख्यानं दिली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्यांना व्हिसा लागला नाही, बँकेचं स्टेटमेंट लागलं नाही, परत जाणार असल्याचा पुरावा कुणी मागितला नाही. आज एखादी तरुण विधवा, पदरी मूल, ठरावीक उत्पन्न नाही, परिचितेच्या पदवीदानाला जायचंय म्हणून अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहिली, तर तिची मुलाखत दोन मिनिटांत आटोपेल, आणि निकाल काय लागेल हे सांगायला नको.

पासपोर्ट आणि व्हिसाची सक्ती पहिल्या महायुद्धाने आणली, ती युद्ध संपल्यावरही गेली नाही. तरी ब्रिटनचं दार आपल्याला बराच काळ उघडं होतं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तेव्हा तिकीट मूठभरांनाच परवडणारं होतं, पण राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये शिरायला अडकाठी नव्हती. १९६२ च्या कायद्याने ते दार अर्धं लोटलं. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांनाही व्हिसा लागेल, हा नियम ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. तो लागू होण्याआधी पोहोचावं म्हणून उपखंडातून इतके लोक निघाले, की हीथ्रोवर शेकडो प्रवासी अडकून पडले. तोपर्यंतची तपासणी विमानातून उतरल्यावर व्हायची. पुढे ती विमानात चढण्याआधी, आपल्याच शहरातल्या कचेरीत होऊ लागली. २००१ मध्ये तर अर्ज गोळा करण्याचं काम खासगी कंपनीकडे गेलं. आज जगभर पसरलेली व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी त्या वर्षी मुंबईत सुरू झाली, आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं अमेरिकी वकिलात.

परक्या देशाच्या खिडकीपाशी पोहोचण्याआधी आपल्या घरातलं कपाट उघडावं लागतं. मुलाचा पासपोर्ट दोनदा नवा झालेला असतो, वडिलांचा कधीकाळी अष्टविनायकाच्या पावत्यांबरोबर ठेवलेला सापडतो, आणि आईचा काढलेलाच नसतो. ‘मी कुठे जाणारे?’ हे तिचं वाक्य वर्षानुवर्षं कुणी खोडलेलं नसतं. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, पण पुष्कळ देशांना प्रवासाच्या वेळी त्याची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. म्हणजे कागदावर जिवंत असलेला पासपोर्ट व्यवहारात कधीच मेलेला असू शकतो.

इथे मात्र आपल्या यंत्रणेला श्रेय दिलं पाहिजे. तत्काळ योजनेत छत्तीस पानी पासपोर्टला नेहमीच्या १५०० रुपयांवर २००० जादा भरावे लागतात. कागद पुरे असतील आणि पोलीस पडताळणी नंतर करायची ठरली, तर तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पासपोर्ट रवाना होतो. पूर्वी त्यासाठी बड्या अधिकाऱ्याचं शिफारसपत्र आणावं लागे, २०१८ मध्ये ती अट गेली. २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतही पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या वाऱ्या कमी झाल्या.

तत्काळचं घोडं अडतं ते नावापाशी. आधारवर सुमनबाई, पॅनवर सुमन, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. आपल्याकडच्या एका पिढीतल्या बायकांची ही सर्रास अवस्था आहे. तीन कागदांवर तीन नावं असली तर तिसरा दिवस तिसऱ्या आठवड्यावर जातो. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर नुसतं एकच नाव, आडनावाचा रकाना कोरा, अशा पाहुण्यांना प्रवेश देणं थांबवलं. साधा रकाना, पण त्यापायी विमानतळावरून परतायची पाळी येऊ शकते.

आता अमेरिका. या आढाव्यात तिला जास्त जागा द्यावी लागेल, कारण सर्वांत जास्त घालमेल तिच्यापायी होते.

बी-वन बी-टू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाचं अर्जशुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. लांबलचक ऑनलाइन अर्ज, शुल्क, एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. व्हिसा मिळाला तर बहुधा दहा वर्षांचा मिळतो, आणि दर खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. सोय चांगली आहे, फक्त मुलाखतीची तारीख मिळाली पाहिजे. करोनानंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला अडीच वर्षांहून पुढची तारीख दिसत होती. २०२३ मध्ये वकिलातींनी शनिवारीही मुलाखती घेतल्या, शिवाय बँकॉकला जाऊन मुलाखत द्यायची वाट मोकळी केली. पुष्कळ मराठी आईवडिलांनी थायलंड पाहिलं ते असं, अमेरिकेच्या वाटेवर. सप्टेंबर २०२५ मध्ये ती वाटही बंद झाली. आता अर्ज आपल्या देशात किंवा राहत्या देशातच करायचा. त्याच महिन्यापासून एकोणऐंशीच्या पुढच्या वृद्धांना मुलाखतीतून मिळणारी सरसकट सूटही गेली.

तातडीची तारीख मागायची सोय आहे, पण तिची रीत उलटी वाटेल अशी आहे. आधी अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, जी मिळेल ती तारीख घ्यायची, भले ती वर्षानंतरची असो. ती हातात आल्यावरच ‘मला लवकर बोलवा’ अशी विनंती करता येते. घरात रडारड चालू असताना हा क्रम कुणाला सुचत नाही. लोक ई-मेल करत बसतात, खासदाराकडे जातात, एजंटला पैसे देतात, आणि दोन-तीन मोलाचे दिवस जातात.

विनंती कुठल्या कारणांसाठी चालते, तेही ठरलेलं आहे. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू चालतो. मृत्यूच्या बाबतीत नातं कोणतं, याचे दाखले नियमांतच दिलेले आहेत: आई, वडील, भाऊ, बहीण, मूल, आजी-आजोबा, नातवंड. त्यांत मामा नाही, आत्या नाही, सासू-सासरे नाहीत. ज्या काकांनी शिकवलं, मोठं केलं, त्यांच्या अंत्यविधीला जायचं असेल तर कागदावर तुम्ही त्यांचे कुणी नाही. लग्न आणि पदवीदान ही कारणं चालत नाहीत असं तर स्पष्टच लिहिलेलं आहे.

त्याच वाक्यात गरोदर नातलगाच्या मदतीला जाणंही तातडीत मोडत नाही असं म्हटलंय, आणि मराठी घराला हा नियम सगळ्यांत जास्त खुपतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर डिंकाच्या लाडवांसकट माहेर तिच्याकडे जातं. तिच्या घरी दुसरं बाईमाणूस नसतं, जावयाची रजा मोजकी असते, आणि अमेरिकेत बाळंतिणीला पगारी रजा देण्याचा देशव्यापी कायदा आजही नाही. तरीही मला वकिलातीचं म्हणणं चूक वाटत नाही. बाळंतपणाची वर्दी सात-आठ महिने आधी मिळते, तेवढ्यात एरवीच्या रांगेत उभं राहायला कुणी अडवलेलं नसतं. अडचण येते ती दिवस भरायच्या आधीच मूल झालं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर. तेव्हा ‘मुलीला मदत’ असं मोघम कारण न लिहिता बाळाच्या प्रकृतीचं रुग्णालयाचं पत्र जोडावं लागतं, आणि तेही नियमाच्या कडेकडेचंच प्रकरण असतं.

हे पत्र मिळवण्याचं काम इथल्यांनी नव्हे, तिथल्यांनी करायचं असतं. अमेरिकेतली रुग्णालयं परक्याला फोनवर रुग्णाची माहिती देत नाहीत, कायद्यानेच देता येत नाही. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभागाची माणसं असतात. आजार काय, प्रकृती किती गंभीर, नातेवाइकाची गरज का, कुणाशी संपर्क साधायचा, असं पत्र ती वकिलातीच्या नावे तयार करून देतात. आजारी माणूस विद्यार्थी असेल तर विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय मदत करतं. आणखी एक मार्ग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. रुग्ण ज्या मतदारसंघात राहतो तिथल्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्याचं कार्यालय वकिलातीकडे विचारणा करू शकतं. असली कामं करायला तिथे वेगळी माणसं नेमलेली असतात, ओळख लागत नाही.

इकडून भारत सरकार शब्द टाकू शकतं, व्हिसा देऊ शकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला अमेरिकेत अत्यवस्थ असलेल्या लेकीपर्यंत पोहोचायचं होतं आणि तारीख मिळत नव्हती. बातम्या झाल्या, परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकी बाजूशी बोलणं केलं, तेव्हा मुलाखत मिळाली. शेवट चांगला झाला, पण ज्यांची बातमी होत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

शिवाय तातडीच्या विनंतीने तारीख मिळते, व्हिसा नव्हे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याचं कलम २१४(ब) असं गृहीत धरतं, की समोरचा माणूस कायमचं राहायलाच चाललाय. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. मुलगा अतिदक्षता विभागात असलेल्या बापालाही हेच पटवून द्यावं लागतं. अशा वेळी नायगारा बघायला चाललोय वगैरे बनाव कुणी शिकवला तर ऐकू नये. खरं कारण थोडक्यात सांगावं, मागे घरदार, शेती, नोकरी काय आहे ते विचारलं तर सांगावं. जाडजूड फायलीकडे अधिकारी बहुधा बघतही नाही.

ब्रिटनचा मामला सरळ आहे: वेळ विकत मिळते. एप्रिल २०२५ पासून सहा महिन्यांच्या पाहुण्या-व्हिसाचं शुल्क १२७ पौंड झालं. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. आणखी ५०० पौंड भरले तर पाच कामाचे दिवस, १००० भरले तर पुढचा कामाचा दिवस, अर्थात ती सोय त्या वेळी उपलब्ध असेल तर. आईवडील दोघं निघाले तर नुसत्या घाईचे दोन हजार पौंड. ही उघड उघड श्रीमंतांची सोय आहे. तरी अमेरिकेच्या अनिश्चिततेपेक्षा ती मला बरी वाटते. किंमत माहीत असलेल्या वस्तूसाठी माणूस उसनवारी तरी करू शकतो.

युरोपातल्या शेंगेन देशांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची, आणि किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा सक्तीचा. पण एप्रिल २०२४ पासून भारतीयांना त्यांनी एक सवलत दिली. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा येण्याजाण्याचा व्हिसा मिळू शकतो, त्यापुढे पाच वर्षांचा. मुलं जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये असलेल्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एखाद्या उन्हाळ्यात सहज केलेली सहल पुढे अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा काढला. २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, अट निदान एक लाख कॅनेडियन डॉलरच्या आरोग्यविम्याची. आजवर पाहिलेल्या व्यवस्थांत ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण म्हातारे आईवडील वरचेवर येणार हे तिने मान्यच करून टाकलंय. मात्र राजकारण कुणाला चुकत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात भारत-कॅनडा संबंध बिघडले, भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं काही आठवडे थांबवलं, ऑक्टोबरात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून गेले आणि मुंबईच्या कचेरीतली प्रत्यक्ष सेवा थांबली. ज्यांच्या घरी त्याच दिवसांत कुणी आजारी पडलं, त्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

ऑस्ट्रेलियाचा पाहुण्यांचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. पण करोनाकाळात त्या देशाने नात्यांविषयी जे दाखवून दिलं ते विसरू नये. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, तेव्हा नागरिकांच्या जवळच्या कुटुंबीयांना सूट होती. त्या व्याख्येत नवरा-बायको आणि लहान मुलं होती, आईवडील नव्हते. परदेशातल्या आईवडिलांना ‘जवळचं कुटुंब’ मानायला नोव्हेंबर २०२१ उजाडावा लागला. कितीतरी आजी-आजोबांनी मेलबर्नमधल्या नातवंडाला पहिल्यांदा हातात घेतलं, ते मूल चालू लागल्यावर.

आखाती देशांत काम झटपट होतं. अमिरातीचा भेटीचा व्हिसा एजंटमार्फत काही दिवसांत येतो. २०२५ च्या शरदात तिथे नवा हिशेब आला. आईवडील, मुलं अशा पहिल्या नात्यातल्यांना बोलवायचं तर यजमानाचा पगार महिना ४००० दिरहम हवा, पुढच्या नात्यांसाठी ८०००, मित्रासाठी १५,०००. नात्याच्या अंतराला दिरहमचा दर इतक्या उघडपणे लावलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. हिशेब केला तर कळतं की भेटीची सोय कारकुनाला आहे, छावणीत राहणाऱ्या गवंड्याला नाही. त्याच्याकडे घरचं माणूस येत नाही. वेळ आली तर तोच घरी येतो, कधी शवपेटीतून.

तेही सांगायला हवं. परदेशात मृत्यू झाला की आपण इथल्या सवयीने धावपळ करतो, जणू संध्याकाळपर्यंत अग्नी द्यायचाय. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर अंत्यविधी व्हायला दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचं आहे. अमेरिकेतही परवाने, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेची वेळ, सगळं धरून काही दिवस जातात. म्हणजे आईवडिलांना पोहोचायला अवकाश असतो, तो विचारून घ्यावा. पार्थिव भारतात आणायचं असेल तर भारतीय दूतावासाचा ना-हरकत दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. इथल्या विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याच्या परवानगीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘ई-केअर’ हे पोर्टल सुरू केलं. पैशांची ऐपत नसेल तर दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो मागून मिळतो, पण मागावा लागतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. वाटेत विमान बदलताना काही देशांत, ब्रिटन त्यांतला एक, संक्रमण व्हिसा लागू शकतो. दुबई, दोहा, अबू धाबीत विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर तो लागत नाही, म्हणून घाईत आखाती मार्ग बरा. अबू धाबीत तर अमेरिकेची प्रवेशतपासणीच २०१४ पासून विमानात बसण्याआधी उरकते. नागपूरकरांनी मुंबई गाठण्याआधी दोहाच्या विमानाची चौकशी करावी. आईवडील पहिल्यांदाच निघाले असतील तर व्हीलचेअर मागवावी. पाय धडधाकट असले तरी मार्ग दाखवणारा माणूस सोबत मिळतो, ही युक्ती आता सगळ्या विमान कंपन्यांना माहीत झाली आहे. विमा इथून निघण्यापूर्वी घ्यावा, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. मुलीच्या आजारपणाला गेलेली आई तिथे स्वतःच दवाखान्यात दाखल झाली तर अमेरिकेतलं बिल घर विकायला लावू शकतं.

काही विमान कंपन्या घरच्या मृत्यूसाठी भाड्यात सवलत देतात, पण अटी आधी वाचाव्या लागतात. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या यांत्रिक मदतनिसाने एका प्रवाशाला प्रवासानंतरही सवलत मागता येईल असं चुकीचं सांगितलं होतं. त्या मदतनिसाच्या बोलण्याची जबाबदारी आपली नाही, असा कंपनीचा बचाव ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि प्रवाशाला पैसे मिळाले.

सामानातलं एकच बजावतो. आखातात जाताना डिंकाच्या लाडवात खसखस घालू नका. अमिरात, कतार, सौदीत ती अमली पदार्थांत मोडते आणि माणसं त्यापायी तुरुंगात गेली आहेत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावी. टाकून द्यावी लागली तर लागली, लपवली तर दंड होतो.

उलट दिशेचा प्रवास हा याच प्रश्नाचा दुसरा भाग, आणि तो अनेकदा जास्त क्रूर असतो. वडील कोल्हापुरात अत्यवस्थ, मुलगा सिएटलला. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला यायला कुणी अडवत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तरीही नाही, अपवाद करोनाच्या सुरुवातीचा. मार्च २०२० मध्ये ओसीआयधारकांचा विनाव्हिसा प्रवेश स्थगित झाला आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात घरातल्या मृत्यूसारख्या कारणांसाठी सैल झाला. प्रश्न येण्याचा नसतो, परत जाण्याचा असतो. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असला तरी तिथे राहणं कायदेशीर असतं. पण एकदा बाहेर पडलं, की नव्या शिक्क्यासाठी इथल्या वकिलातीची तारीख लागते. डिसेंबर २०२५ मध्ये अर्जदारांची समाजमाध्यमं तपासण्याचा नियम एच-वन-बीला लागू झाला आणि त्या महिन्यातल्या पुष्कळ मुलाखती थेट २०२६ मध्ये ढकलल्या गेल्या. त्याआधी १९ सप्टेंबरला एच-वन-बीसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, तेव्हा भारतात सुटीवर आलेले कितीतरी जण मिळेल त्या विमानाने परत पळाले. हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर कुणी आईच्या उशाशी बसायला निघालेला विमानतळावरूनच मागे फिरला होता.

अशा माणसाने बापाच्या दहाव्याला यावं की नोकरी सांभाळावी, याचं उत्तर नातेवाइकांनी परस्पर देऊ नये. ‘एवढं शिकवलं आणि शेवटी आला नाही’ हे बोलणं आपल्याकडे फार सहज निघतं. बोलणाऱ्याला त्याच्या पासपोर्टवरची तारीख माहीत नसते.

आणि प्रत्येक वेळी जायलाच हवं का, हेही विचारून पाहावं. अपघाताच्या पहिल्या दोन दिवसांत तिथल्या माणसाला लागतो तो भाषा आणि रुग्णालयाची रीत जाणणारा कुणी. ती मदत तिथली मराठी मंडळी लवकर करू शकतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं. गणपतीत वर्गणी देण्यापलीकडे आपल्या मुलांचा या मंडळांशी संबंध नसतो, आणि अडचणीत फोन कुणाला करायचा ते त्यांना ठाऊक नसतं. आईवडिलांनी निदान मुलाच्या दोन मित्रांचे आणि घरमालकाचे फोन नंबर स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावेत. मुलाचाच फोन बंद पडला की त्याच्या फोनमधले नंबर कुणाच्या कामाचे?

घरातलं कुणी परदेशात असेल तर येत्या रविवारी आईवडिलांचे पासपोर्ट काढून मुदतीची तारीख आणि नावाचं स्पेलिंग तपासा. मुलं अमेरिकेत असतील आणि आईवडिलांकडे व्हिसा नसेल, तर निमित्ताची वाट न पाहता अर्ज करून ठेवा. तारीख दूरची मिळाली तरी सोडू नका. तातडीची विनंती करायलासुद्धा आधी तीच हातात असावी लागते.